कळणा

तळपायांना मुंग्या येतात म्हणून गेलो
तर डॉक्टरीणबाई माझ्या सोडून
माझ्या स्वयंपाकघराच्याच प्रकृतीची चौकशी करत बसल्या.

काय खाता?
भाजी-भाकरी.
कसली भाजी?
बटाट्याची.
आणि काल?
कालही. पिशवीत उरलेच होते.
दूध?
चहात पडतं तेवढं.

फेगड्यांची मयूरी ही. पूर्वी माझ्याच गाडीत
अर्ध्या तिकिटावर हिंगोण्याहून यावलला शाळेत जायची.
आता माझ्या रक्ताचं वेबिल हातात धरून
एकेक रकाना तपासत होती.
लोह कमी. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच.
प्रथिनांचं तर विचारूच नका, काका.
चौतीस वर्षं एसटीत, हिशेबात रुपया कमी आला नाही
आणि इथे अख्खी बॅग तुटीत.

माझा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.
ती हसली. माळ राहू द्या, म्हणाली,
माळेने कुणी अशक्त होत नाही,
रोजच्या बटाट्याने होतं.
बी-ट्वेल्व्ह तेवढं झाडाला लागत नाही,
त्याची सुई घ्या, वाटीभर दही खात जा.
बाकीचं आपल्या शिवारातच आहे.
पालेभाजीवर लिंबू पिळा.
जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा.
(तासाभरात माझी गाडी फैजपूरहून भुसावळ गाठून
परतीला लागायची.)
आणि काका, कळण्याची भाकरी.
ज्वारीत जे कमी ते उडदात आहे,
उडदात जे कमी ते ज्वारीत.

किती उडीद, हे मी विचारलं नाही.
लाज वाटली.
एकेचाळीस वर्षं मोडली ती भाकरी या हातांनी,
गरम, वर तेलाची धार, शेजारी भरीत,
नावच कळणा
आणि त्यातलं माप काही कळलेलं नाही.
द्वारका गेली त्याला केळीचा एक बाग कापून झाला.
डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या.
तिला वाचायची गरज नव्हती,
मला उघडायची.

जुम्मा तडवीच्या गिरणीत उभा राहिलो
एका हातात ज्वारी, एका हातात काळे उडीद.
त्याने पट्टा थांबवला. भुवयांवर पीठ.
किती किती टाकू, मास्तर?
तूच सांग भो, म्हटलं.

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला.
मग पाटी ओढली.
भाभींचं चाराला एक.
चार माप ज्वारी, एक माप उडीद, सालासकट,
मूठभर मेथ्या, खडेमीठ.
राण्यांकडचं साडेतिनाला.
भारंब्यांच्या सुनेचं पाचाला, तिला भाकरी पांढरी लागते.
पोरी बाळंतपणाला आल्या की तुमच्याकडचं तिनाला व्हायचं,
अन् तुमची गाडी मुक्कामी असली
की नुसती ज्वारी.
मी विचारायचो ना, उडीद?
एकटीसाठी कशाला, म्हणायच्या.

गिरणी बंद असली की तिथे किती शांत असतं
ते मला माहीत नव्हतं.
पाल, सोयगाव, शिरपूर मुक्कामी.
तिन्ही फेऱ्या पाठ आहेत, वेळेसकट.
कुठे किती पॅसेंजर उतरले हे अजून सांगता येईल.

टाकू का चाराला एक?
तिनाला टाक, म्हटलं.
एकट्यासाठी?
हो. एकट्यासाठी.

पहिली भाकरी तव्यावर दुभंगली,
दुसरी काळपट जाड, कडेला कच्ची.
तांदुळज्यावर लिंबू पिळलं, बी गेलं पोटात.
दही शेजारच्या मंदाकडून, विरजणही तिनेच दिलं,
उद्या माझं मी लावीन म्हणतो.

मग डब्यांवर चिठ्ठ्या डकवत बसलो.
उडीद. मठ. तीळ. शेंगदाणे.
एका डब्यात काय आहे ते ओळखू येईना,
वास घेतला, चव घेतली.
त्यावर नुसतं 'तिचं' लिहिलं.

मुंग्या आहेत अजून.
पाच सुया व्हायच्यात.
चहाला वीस मिनिटं बाकी.